आधी माडीवरची मोरी दुरुस्त कर

चि. पोरी,

रविवारी तू दुकानात आलीस, काउंटरवर तो गुळगुळीत कागदाचा आराखडा पसरलास आणि अर्धा तास बोललीस. नाशिकच्या आपल्या भांडी बाजाराच्या तोंडाशी कमान, गल्लीभर रोषणाई, सेल्फी पॉइंट, 'वारसा बाजारपेठ' छापलेल्या कापडी पिशव्या, सिंहस्थाच्या आधी आठ दिवसांचा महोत्सव. निघताना मात्र पायरीवर थांबलीस आणि हळूच म्हणालीस, "काका, बाबा वाडा बिल्डरला द्यायचं म्हणतायत. मग हे सगळं मी कशासाठी करतेय?"

मी उत्तर दिलं नाही. समोर गिऱ्हाईक होतं हे खरं, पण ते गेल्यावरही मी गप्पच राहिलो. घरी आल्यावर झोप लागली नाही म्हणून हे लिहायला बसलोय.

तू हुशार आहेस, कष्टाळू आहेस, गावावर तुझा जीव आहे, यावर मी शाई घालवत नाही. तसं नसतं तर पुण्याची नोकरी सोडून आली नसतीस. पण तुझ्या बारा पानी आराखड्यात एक गोष्ट कुठेच नाही. बाजारात माणसं आणायची कशी, हे पानोपानी आहे. बाजारात राहतं कोण, हे एकाही पानावर नाही.

मागच्या बुधवारी रात्री साडेनऊला शटर ओढलं आणि तिथेच उभा राहून मोजलं. आपल्या गल्लीत, कोपऱ्यापासून तुमच्या वाड्यापर्यंत, एकवीस माड्या. दिवा लागलेल्या चार. त्यातल्या एकीत राखणदार राहतो. बाकी सतरांत गोदामं आहेत, पुठ्ठ्याची खोकी आहेत, कबुतरं आहेत. तुमची माडी धरून. आणि माझीही धरून.

म्हणून सांगतो, माडीवर दिवा लागला पाहिजे. कमान नंतर, महोत्सव नंतर, पिशव्या तर त्याहून नंतर. तुला हे म्हाताऱ्याचं पालुपद वाटेल. वाटू दे. नऊ वर्षं मी व्यापाऱ्यांच्या समितीत होतो, त्यातली पाच सचिव. तू जे आज करायला निघाली आहेस ते सगळं मी करून बसलोय.

कमान आम्ही दोनदा उभारली. दिवाळीत मेन रोडच्या टोकापासून माळा लावल्या. पाचशेच्या खरेदीवर कुपन, सोडतीत पहिलं बक्षीस स्कूटर. स्कूटर लागली ती सिन्नरकडच्या एका गृहस्थाला. सत्कार केला, नारळ दिला, फोटो काढला. तो माणूस पुन्हा या गल्लीत कधी फिरकला नाही, आणि त्याने का फिरकावं? त्याला इथे काम काय होतं? आम्ही मात्र वर्षभर त्या गर्दीचे आकडे एकमेकांना सांगत होतो.

२०१५ च्या सिंहस्थाचं तर मी कोणाला सांगत नाही, तुला सांगतो. तांब्याचे गडू, गंगाजल न्यायला लोक घेतात ते, मी कर्ज काढून भरून ठेवले. दुकानात जागा उरली नाही म्हणून माडी भरली, जिन्याच्या पायऱ्यांवर गोण्या ठेवल्या. पर्वणीच्या दिवशी बंदोबस्त असा होता की भाविक वेगळ्या वाटेने गोदावरीवर, आपल्या गंगेवर गेले, वेगळ्या वाटेने परतले, आणि मी गल्लीत बॅरिकेडकडे बघत खुर्ची टाकून बसलो. ते गडू विकायला मला तीन वर्षं लागली. विकत घेतले कोणी? आसपासच्या घरांतल्या बायकांनी, वास्तुशांतीला, मुंजीला, गावी न्यायला. एकेक करून. गर्दीने मला बुडवलं आणि शेजाराने वर काढलं. आता २०२७ येतंय आणि तुझ्या आराखड्यात मला पुन्हा तेच गडू दिसतात.

तू म्हणशील, काका, धंदा गेला तो स्टीलमुळे, मॉलमुळे, मोबाइलवरच्या खरेदीमुळे. काही अंशी बरोबर आहे. स्टील आलं आणि बंब, घंगाळं, हंडे माळ्यावर गेले, तांबट गल्लीतला ठोक्यांचा आवाज विरत गेला. पण गावाची बैठक त्याआधीपासून हलत होती. १८८९ मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली ती मेन रोडवरून, पालिकेच्या इमारतीपासून थेट नाशिकरोड स्टेशनपर्यंत. स्टेशन आठ-नऊ किलोमीटर लांब पडलं तरी पेठ गंगेकाठीच राहिली, कारण माणसं इथे राहत होती. पुढे सातपूर, अंबडला कारखाने आले, सिडकोची वसाहत वसली, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. कालांतराने तिचा मुख्य कारभार शरणपूर रोडला राजीव गांधी भवनात गेला. दाखल्याच्या कामाला मेन रोडवर येणारा माणूस जाताना किलोभर साखर, एखादी पळी घेऊन जायचा, तो कमी झाला. तरीही पेठ मेली नाही. पेठ रिकामी झाली ती आम्ही दुकानदारच उठून गेलो तेव्हा. हे बोलायला समितीत कोणीही तयार नसायचं, कारण सभेला बसलेले सगळे गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगरच्या नव्या वस्त्यांतून स्कूटरवर आलेले असायचे.

मीसुद्धा. १९९६ मध्ये आम्ही गंगापूर रोडला फ्लॅट घेतला. तुला वाटेल, हा काय मला माडीवर राहायला सांगतो! तर ऐक. माझ्या आईला तो उभा जिना चढवत नव्हता. संडास खाली अंगणात, चार बिऱ्हाडांत एक. पाणी पहाटे साडेचारला, तेही करंगळीएवढं. तुझ्या काकूने अकरा वर्षं दोन कळशा घेऊन तो जिना चढला-उतरला, दोन बाळंतपणं तिथेच काढली. मुलांची शाळा लांब. मी चैनीसाठी गेलो नाही. माझ्या जागी कोणीही गेला असता.

पण आज मनाशी विचार करतो तेव्हा लक्षात येतं की फ्लॅटला घातलेल्या पैशाच्या दहाव्या हिश्शात वर संडास-मोरी झाली असती, टाकी बसली असती, जिना वळवून सोपा करता आला असता. मी विचारच केला नाही. सगळे जात होते, मी गेलो. त्याच सुमारास मी समितीत 'आपली पेठ, आपला अभिमान' असे फलक रंगवून घेत होतो. रात्री नऊला फलकाखालून स्कूटर काढून घरी जायचो.

त्याची किंमत २००८ मध्ये कळली. सप्टेंबरातला तो पूर तुला लहानपणीचा आठवत असेल. जुनी माणसं १९६९ च्या पुराचं सांगताना गंगेकाठच्या नारोशंकराच्या देवळाच्या घंटेला पाणी लागलं म्हणून सांगायची, आम्ही ते गोष्टीसारखं ऐकायचो. २००८ ला पाणी गंगेतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून चढत भांडी बाजारात, सराफ बाजारात शिरलं तेव्हा मी गंगापूर रोडला घरात होतो. निघालो तोवर रस्ते बंद. अशोक स्तंभाच्या पुढे जाऊ देईनात.

तुझे आजोबा तेव्हा तुमच्या माडीवर राहत होते. सत्तरी उलटलेली. त्यांनी खिडकीतून पाणी पाहिलं, खाली उतरले, पहारीने माझ्या दुकानाचं कुलूप तोडलं. पितळ भिजून बिघडत नाही, चिखल धुतला की झालं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी भांड्यांना हात लावला नाही. गल्ल्यामागच्या फळीवरून माझ्या उधारीच्या वह्या काढल्या, धोतराच्या सोग्यात बांधल्या आणि वर नेल्या. सात वह्या. सगळा जिल्हा होता त्यांत. दुसऱ्या दिवशी मी गुडघाभर गाळ तुडवत पोहोचलो तर ते दारात उभे, आणि मला म्हणाले, "कुलूप तोडावं लागलं रे, राग मानू नकोस." मी त्यांचे पाय धरले, पण माझ्या माडीवर परत राहायला गेलो नाही. ही माझी चूक. ती मी कोणावर ढकलत नाही.

आता कळलं का मी तुझ्या कमानीवर का चिडलो? महोत्सवाला आलेला माणूस फोटो काढतो, भजी खातो, जातो. त्याचा राग नाही, येऊ दे बापडा. पण माडीवर राहणाऱ्या माणसाला सुतळी लागते, कोथिंबीर लागते, रात्री नऊला डोकेदुखीची गोळी लागते, पाहुणे आले की दोन ताटं जास्त लागतात. गटार तुंबलं तर तो दुसऱ्या दिवशी सकाळी तक्रार करतो, कारण वास त्याच्या नाकात जातो. आमच्या लक्षात यायचं ते पाऊस दुकानात शिरल्यावर. कल्हईवाला आपल्या गल्लीत आठवड्याला बसायचा. भाता, नवसागराचा तो पांढरा धूर, आणि मग पातेल्याच्या पोटात कापसाच्या बोळ्याने फिरणारी चांदीसारखी लकेर. तो का येईनासा झाला? लोकांकडे पितळ आजही आहे. पातेलं हातात घेऊन जिना उतरणारी बाईच राहिली नाही. तुझ्या आराखड्यात 'कल्हई प्रात्यक्षिक, संध्याकाळी ६ ते ७' असं लिहिलंय. ते वाचून माझ्या पोटात तुटलं गं. जे रोजचं काम होतं त्याचं प्रात्यक्षिक होणार, आणि लोक टाळ्या वाजवणार.

रंगपंचमीच्या रहाडी घे. तिवंधा चौकातली, दिल्ली दरवाज्याची. पेशवाईपासूनच्या. वर्षभर वरून वाहतूक चालते, कोणाला कळतही नाही पायाखाली हौद आहे म्हणून. एक दिवस उघडतात, पूजा होते, रंग भरतात, उड्या पडतात, परत बुजवतात. हे टिकलं ते कोणत्या महोत्सव समितीमुळे? कुठे खणायचं, रंग कसा उकळायचा, मान कोणाचा, हे त्या चौकात राहणाऱ्या घरांना माहीत आहे म्हणून टिकलं. ती घरं पाथर्डी फाट्याला गेली तर रहाड कुठे आहे ते कागदावरून शोधावं लागेल.

बाहेरचे लोक आता म्हणतात, "जरा गावात जाऊन येतो." आपल्याच शहरात राहून पेठेत यायला ते गावात जाणं म्हणतात. तुला हे ऐकून काही होत नाही का? मला होतं.

आता वाड्याचं. तुझ्या बाबांना दोष देऊ नकोस. भाडेकरूंचे तंटे, पागडीची जुनी लफडी, दर पावसाळ्यात भिंत कधी बसेल ही धास्ती, यात माणूस पिचतो. बिल्डरला द्यायचाच ठरला तर देऊ देत, मी लाकडाच्या खांबांसाठी कोणाला जीव धोक्यात घालायला सांगणार नाही. पण करारात बघ, वर काय होणार आहे. त्या नकाशात चारही मजले गाळेच असतील, तर सही करताना बाबांचा हात धर. खाली दुकानं, वर घरं, एवढं एकच मागणं धरून बस. भाव थोडा कमी येईल. बाबा ओरडतील, नातेवाईक हसतील. धरून बस. बाकी कशावर हवी तेवढी तडजोड कर, यावर करू नकोस.

आणि द्यायचा नाही ठरला, तर तूच वर राहायला जा. पार्किंग नाही असं म्हणू नकोस मला. पार्किंग, पार्किंग ऐकून कान किटलेत माझे. जी बाई वर राहते तिला खाली यायला पार्किंग लागत नाही. तू एकटी मुलगी, लोक काय म्हणतील, हेही नको. लोक आहेतच कुठे तिथे काही म्हणायला? तुला भीती वाटेल ती रिकाम्या गल्लीची, आणि ती खरी आहे. म्हणून एकटी जाऊ नकोस. शेजारची माडी माझी आहे. गडूंच्या गोण्या कधीच संपल्यात, आता नुसती खोकी आहेत, ती मी काढतो. शिकायला आलेल्या मुलींना द्यायची म्हटली तर भाडेकरू मिळतील, पण वर संडास-मोरी नसेल तर एक रात्रही कोणी राहणार नाही. बायका पेठेतून लवकर का परततात, हे तुमच्या समितीतल्या एकाने तरी कधी त्यांना विचारलंय का? कमानीला जेवढा खर्च धरलाय, तेवढ्यात बाजारात बायकांसाठी एक नीट स्वच्छतागृह होतं. ते आधी मांड. मी सभेला येईन, बोलेनही, मला बसवलं तरी बसणार नाही.

मी परत जाईन का, हे तू विचारणार. काकूशी परवा बोललो. तिचे गुडघे गेलेत, ती हसली आणि म्हणाली, "तीस वर्षांपूर्वी विचारलं असतंत." त्यावर माझ्याकडे काही नव्हतं. पण आठवड्यातले दोन-तीन दिवस मी तिथे झोपू शकतो. तेवढं तरी मला करायचंय.

येत्या रविवारी दहाला ये. प्लंबरला बोलावलंय, तो सकाळीच मोकळा असतो. आपल्या दोन्ही माड्यांमधली भिंत सामाईक आहे, पाइप एकच उतरवला तर खर्च निम्मा होईल असं तो म्हणतो. गल्लीतल्या चेंबरची पातळी आधी बघावी लागेल, रस्ता दरवेळी वर चढवलाय त्यामुळे उतार मिळतो की नाही हाच प्रश्न आहे. मापाची टेप तुझ्याकडे असेल तर घेऊन ये, माझी गंजली. आणि जुने कपडे घाल, वर फार धूळ आहे.

तुझा,
काका