तणावजन्य डोकेदुखीवर फिजिओथेरपी आणि हाताने केलेल्या उपचारांचा खरोखर उपयोग होतो का?

कपाळापासून मानेपर्यंत पट्टा आवळल्यासारखे डोके आठवड्यातून तीन-चार दिवस दुखते, डॉक्टरांनी तपासून ही तणावजन्य डोकेदुखी असल्याचे सांगितले आहे, आणि आता मसाज घ्यावा, मान मोडून घ्यावी की व्यायाम करावा, असे तुम्ही विचारले आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि अशा तक्रारी घेऊन येणारे रुग्ण नेहमी पाहतो. उपयोग होतो, असेच माझे उत्तर आहे. मात्र टिकाऊ आरामात माझ्या हातांपेक्षा तुम्ही घरी नियमाने केलेल्या व्यायामाचा वाटा मोठा असतो.

या डोकेदुखीत दोन्ही बाजूंना दाब जाणवतो, ठणका नसतो, चालण्याने किंवा जिना चढण्याने दुखणे वाढत नाही आणि उलटी होत नाही. एका बाजूला ठणका, मळमळ आणि उजेड सहन न होणे ही लक्षणे असतील, तर अर्धशिशीचा विचार करावा लागतो आणि उपचाराची दिशा बदलते.

मानेवर उपचार करून कपाळाला आराम का मिळावा, याचे कारण मज्जातंतूंच्या रचनेत आहे. मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंचे आणि चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूचे संदेश मेंदूच्या तळाशी एकाच ठिकाणी येऊन मिळतात, त्यामुळे कवटीच्या खालच्या कडेशी असलेल्या स्नायूतील वेदना डोळ्यामागे किंवा कपाळावर जाणवू शकते. तेथील, खांद्यावरील किंवा कानशिलावरील दुखरा बिंदू दाबला की अनेक रुग्ण लगेच म्हणतात, ‘हेच माझे दुखणे.’ परंतु डोकेदुखी वारंवार होऊ लागली की मज्जासंस्थाच अधिक संवेदनशील होते आणि साधा ताणही वेदना म्हणून जाणवू लागतो. म्हणूनच स्नायू कितीही मोकळे केले, तरी झोप, मानसिक ताण आणि शारीरिक हालचाल यांकडे दुर्लक्ष केल्यास दुखणे परत येते.

हाताने केलेल्या उपचारांत दुखऱ्या बिंदूंवर स्थिर दाब देणे, आखडलेले स्नायू हळूहळू ताणणे आणि मानेच्या वरच्या सांध्यांना सौम्य हालचाल देणे यांचा समावेश होतो. यांमुळे डोकेदुखीचे दिवस आणि तीव्रता कमी होऊ शकते. मात्र यावरील बरेचसे अभ्यास लहान आहेत, आणि आपल्यावर कोणता उपचार होत आहे हे रुग्णापासून लपवणे कठीण असल्याने त्यांचे निष्कर्ष जपूनच वाचावे लागतात. मानेला झटका देऊन ‘कट्’ असा आवाज काढण्याच्या उपचाराबाबत मात्र मी स्पष्टपणे नको म्हणेन. अशा झटक्याने क्वचित प्रसंगी मानेतील रक्तवाहिनीला आतून चीर जाऊन पक्षाघात होऊ शकतो, आणि या डोकेदुखीत त्याचा वेगळा लाभ सिद्ध झालेला नसताना तो धोका पत्करण्याचे कारण मला दिसत नाही.

व्यायामांपैकी मी सर्वाधिक भर मानेच्या पुढच्या बाजूच्या खोल स्नायूंवर देतो. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, डोक्याखाली पातळ घडी केलेला टॉवेल ठेवावा. डोके न उचलता, ‘हो’ म्हणताना हलवतो तशी हनुवटी अगदी थोडी छातीकडे न्यावी आणि 10 सेकंदांपर्यंत तशीच ठेवून सोडावी. सुरुवातीला जमेल तितक्या वेळा करावे आणि सावकाश 10 आवर्तनांपर्यंत जावे. गळ्याच्या दोन्ही बाजूंचे ठळक स्नायू ताठ होत असतील, तर जोर जास्त लागत आहे असे समजावे. हा व्यायाम इतका किरकोळ वाटतो की पुष्कळजण तो पहिल्याच आठवड्यात सोडून देतात, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण या स्नायूंची सहनशक्ती वाढायला काही आठवडे द्यावेच लागतात. पुढे खांदे आणि पाठीचा वरचा भाग बळकट करणारे व्यायाम व रोजचे भरभर चालणे जोडावे. बसण्याची एकच ‘योग्य’ पद्धत शोधत बसण्यापेक्षा अधूनमधून उठणे अधिक उपयोगी आहे.

गोळ्यांचाही हिशेब ठेवा. साधी वेदनाशामके महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस, आणि एकापेक्षा जास्त वेदनाशामक घटक असलेल्या गोळ्या 10 किंवा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या, तर औषधांमुळेच डोकेदुखी टिकून राहू शकते. मग कोणत्याही मसाजचा परिणाम टिकत नाही. म्हणून दुखण्याचे दिवस आणि घेतलेल्या गोळ्या एका वहीत लिहून ठेवा.

अचानक काही क्षणांत शिगेला पोहोचलेली डोकेदुखी, तापासह मान ताठरणे, बोलणे अडखळणे, हातापायात कमजोरी, दिसण्यात बदल, डोक्याला मार लागल्यानंतर वाढणारे दुखणे किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, यांपैकी काहीही आढळल्यास फिजिओथेरपिस्टकडे न जाता तातडीने डॉक्टरांना भेटा.

तुमचे दुखण्याचे दिवस महिन्याला 15 च्या आसपास जातात, म्हणजे दुखणे दीर्घकालीन प्रकाराच्या उंबरठ्यावर आहे. सहा ते आठ आठवडे नियमित व्यायाम करूनही वहीतील दिवस कमी झाले नाहीत, तर मसाजची सत्रे वाढवत न बसता अमिट्रिप्टिलिनसारख्या प्रतिबंधक औषधाबद्दल डॉक्टरांशी बोला. ते सुरू असताना व्यायाम बंद करण्याची गरज नसते.