हत्तीचा माज आणि गाईचा माज

प्रश्न : कमलापूरच्या हत्ती कॅम्पमध्ये फिरताना 'हत्ती माजावर येतो' असे ऐकले. आमच्याकडे गाय माजावर आली की डॉक्टर येऊन कृत्रिम रेतनाने भरवतात आणि ती गाभण राहते. पाळीव हत्तींच्या बाबतीत असे का करत नाहीत?
– एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : आपल्या प्रश्नातला घोटाळा 'माज' या शब्दातच आहे. गाईचा माज ही मादीची फळण्याची वेळ असते, तर हत्तीचा माज नराचा असतो. त्या काळात कानशिलाजवळच्या ग्रंथींतून मद पाझरतो, लघवी थेंबथेंब गळते, टेस्टोस्टेरॉन हे नर-संप्रेरक अनेक पटींनी वाढते आणि एरवी माहुताचे ऐकणारा नर कोणालाच जवळ येऊ देत नाही. असा नर माद्यांच्या मागावर असतो हे खरे. परंतु माजावर नसलेल्या नरापासूनही हत्तीण गाभण राहू शकते, त्यामुळे माजावरून त्याच्या रेताची (वीर्याची) प्रत ठरवता येत नाही.

वळूचे वृषण हाताने चाचपता येतात. हत्तीचे मात्र पोटात, मूत्रपिंडांजवळ असल्याने ते सोनोग्राफीवरच पाहावे लागतात. रेत काढण्यासाठी शिकवलेल्या, शांत उभ्या राहणाऱ्या नराच्या गुदमार्गात खांद्यापर्यंत हात घालून आतल्या भागाला मालिश करतात. एवढे करूनही पुष्कळदा नमुन्यात लघवी मिसळते, आणि ज्या नराचे शुक्रजंतू आज सळसळत असतात त्याच्याच दोन दिवसांनंतरच्या नमुन्यात बहुतेक निपचित दिसतात. एका नमुन्यावरून हत्तीला नापीक ठरवणे म्हणूनच घाईचे होईल.

हत्तिणीकडूनही संधी थोडीच मिळते. गाय एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर येते. हत्तिणीचे चक्र साधारण चार महिन्यांचे असते. त्यात एलएच हे संप्रेरक सुमारे तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा उसळते आणि बीज सुटते ते दुसऱ्या उसळीनंतर. रोजच्या रक्ततपासणीत पहिली उसळी सापडली की पुढची तारीख मांडता येते, ही निसर्गाने केलेली मोठीच सोय म्हणायची. त्या दिवशी मीटरभराहून लांब मार्गातून, दुर्बीण (एंडोस्कोप) आणि सोनोग्राफीच्या साहाय्याने, रेत आत पोहोचवावे लागते.

हत्तिणीचे कृत्रिम रेतन पहिल्यांदा जमले ते अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात, स्प्रिंगफील्डच्या डिकरसन पार्क प्राणिसंग्रहालयात. तिथे १९९९ मध्ये मूला नावाच्या आशियाई हत्तिणीला पिल्लू झाले. गोठवलेल्या रेताने यश यायला २०१३ उजाडले. तेव्हा व्हिएन्नात जन्मलेल्या आफ्रिकी पिल्लाचा बाप दक्षिण आफ्रिकेतला रानटी नर होता.

हा खटाटोप प्रामुख्याने परदेशी प्राणिसंग्रहालयांसाठी आहे, कारण तिथे नर मोजकेच, बरेचसे एकमेकांच्या नात्यातले, आणि त्यांना गावोगावी हलवणे जिकिरीचे. आपल्याकडे दक्षिणेतल्या वनविभागाच्या कॅम्पांत हत्तिणींना रात्री चरायला जंगलात सोडतात, आणि रानातला टस्कर (सुळेवाला नर) त्यांना तिथेच गाठतो.