८ जीबी रॅमच्या जुन्या संगणकावर व्हिडिओ एडिटिंगसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

तुमचा संगणक म्हणजे चौथ्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. मोबाइलवर काढलेले शाळेच्या गॅदरिंगचे व्हिडिओ कापायचे, जोडायचे आणि वर मराठी नावं टाकायची, एवढंच काम. यासाठी शॉटकट घ्या. पूर्ण मोफत आहे, वॉटरमार्क येत नाही. मी ते सुचवतो याचं मुख्य कारण मात्र त्यातली प्रॉक्सीची, म्हणजे हलक्या प्रतीवर काम करण्याची सोय.

आधी अडतं कुठे ते बघा. मोबाइलच्या व्हिडिओत प्रत्येक फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, पूर्ण साठवलेली नसते. एक फ्रेम पूर्ण, आणि तिच्या पुढच्या अनेक फ्रेममध्ये फक्त काय बदललं याची नोंद. सरळ बघताना काही जाणवत नाही. पण एडिटिंगमध्ये आपण सारखी मधेच उडी मारतो, आणि तेवढी एक फ्रेम दाखवण्यासाठी प्रोसेसरला मागच्या पूर्ण फ्रेमपासून सगळा हिशोब करत यावं लागतं. त्यात व्हिडिओ एचईव्हीसी (फाइल लहान ठेवणारा नवा प्रकार) असेल तर ओझं आणखी वाढतं, कारण इंटेलच्या प्रोसेसरमध्ये तो उलगडण्याची पूर्ण सोय सहाव्या पिढीपासून आली. म्हणून नुसतं सॉफ्टवेअर बदलत बसलात तर फरक पडणार नाही. फाइल हलकी करायला हवी.

प्रॉक्सी म्हणजे मूळ व्हिडिओची कमी रेझोल्यूशनची प्रत. शॉटकटमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन प्रिव्ह्यू स्केलिंग ५४०पी करा, मग तिथेच प्रॉक्सीमध्ये ‘यूज प्रॉक्सी’ चालू करा. हे व्हिडिओ आत घेण्याआधी करा. नंतर घेतलेल्या मोठ्या फाइलींच्या प्रती आपोआप बनतात, जॉब्सच्या खिडकीत ते काम दिसतं. ते संपेपर्यंत थांबा, घाई केलीत तर सगळंच अडखळेल. एडिटिंग हलक्या प्रतीवर होतं आणि एक्सपोर्ट करताना, म्हणजे शेवटचा व्हिडिओ बनवताना, मूळ फाइल वापरली जाते, त्यामुळे शेवटच्या व्हिडिओचा दर्जा कमी होत नाही.

दुसरी हमखास येणारी अडचण म्हणजे सुरुवातीला नीट असलेला आवाज पाचव्या मिनिटाला ओठांच्या मागे-पुढे होणं. मोबाइल उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग बदलत राहतो, त्यातून हे होतं. अशी फाइल उघडली की शॉटकट ती एडिटिंगयोग्य करून घेण्याबद्दल विचारतं. तिथे ‘गुड’ निवडा. ‘बेटर’ निवडलंत तर १०८०पी व्हिडिओ मिनिटाला १ जीबीच्या वर जातो आणि साध्या हार्ड डिस्कवर उलट जास्त अडकतो. यापुढे शूटिंग १०८०पी, सेकंदाला ३० फ्रेमवर करा. आयफोन असेल तर कॅमेऱ्याच्या फॉरमॅट्समध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ ठेवा. आणि व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून संगणकावर आणू नका, तिथे तो दाबला जाऊन दर्जा जातो. केबल लावून सरळ कॉपी करा. काम सुरू झाल्यावर त्या फाइली दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवू नका, कारण प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतो, फक्त त्याचा पत्ता असतो.

मराठी नावांसाठी ‘टेक्स्ट: सिंपल’ हा फिल्टर पुरतो. मजकूर युनिकोडमध्येच (मोबाइलवर मराठी टाइप करतो तसा) टाइप करा. छापखान्याकडून श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये आलेली नावं चिकटवलीत तर अगम्य इंग्रजी अक्षरं दिसतील. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे मोफत फॉन्ट टाका आणि शॉटकट बंद करून पुन्हा उघडा. मग ‘तिसऱ्या’ आणि ‘श्रद्धा’ हे दोन शब्द लिहून बघा. ‘तिसऱ्या’तला अर्धा र आणि ‘श्रद्धा’तला द्ध नीट दिसले की बहुतेक सगळी नावं नीट येतील.

कापण्यासाठी एस, तुकडा काढून मधली जागा मिटवण्यासाठी एक्स. पहिल्या दिवशी एवढ्या दोन कळा पुरेत. एक्सपोर्टमध्ये ‘यूज हार्डवेअर एन्कोडर’ (व्हिडिओ बनवण्याचं काम चिपमधल्या खास भागाकडे देणं) चालू केलंत तर वेळ बराच वाचतो, मात्र तेवढ्याच आकारात चित्र किंचित डावं येतं. एक्सपोर्ट मधेच फसलं तर आधी हीच खूण काढून बघा.

इतर नावं ऐकली असतील. केडेनलाइव्हमध्येही प्रॉक्सी आहे आणि साधनं जास्त आहेत, शॉटकट अपुरं वाटलं तर तिकडे जा. क्लिपचॅम्प शिकायला सोपं आहे, १०८०पीपर्यंत मोफत एक्सपोर्ट देतं, पण ८ जीबी ही त्याची किमान गरज, म्हणजे तुमच्याकडे हातचं काही उरत नाही. दाविंची रिझॉल्व्ह उत्तम आहे, पण १६ जीबी रॅम आणि स्वतंत्र ग्राफिक्स मेमरी असेल तेव्हाच. तुमच्या संगणकावर त्याच्या वाटेला जाऊ नका. मूव्ही मेकर मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१७ मध्ये बंद केलं. आज त्या नावाने कुठे काही डाउनलोडला दिसलं तर हात लावू नका, आणि क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरलाही नाही.

पुढेमागे पैसे घालायचे झाले तर आधी एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) घ्या. फाइली उघडणं आणि टाइमलाइनवर (व्हिडिओचे तुकडे मांडायच्या पट्टीवर) फिरणं लगेच सुधारेल. एक्सपोर्टचा वेळ मात्र जवळपास तेवढाच राहील, कारण ते काम प्रोसेसरचं आहे.