जनावर आडवे आले तर स्टिअरिंग फिरवावे का?

पावसाळा लागला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या हस्ताक्षरांत येऊ लागतो. गाई कोरडी जागा म्हणून डांबरावर येऊन बसतात, पादरा आणि डभोईकडच्या शेतांतून नीलगाई रस्ता ओलांडतात, आणि बडोद्यातले शहाणेसुरते लोक एकमेकांना असे सल्ले देतात की त्यांचे परिणाम मला दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या आवारात पाहावे लागतात. अपघातग्रस्त वाहनांची विम्यासाठी पाहणी करणे हा माझा एकतीस वर्षांचा व्यवसाय आहे, त्यामुळे पुढील उत्तरे वाकलेल्या पत्र्याच्या बाजूने दिलेली आहेत असे समजावे. पत्रे लांब होती. ती आवश्यक तेवढीच येथे दिली आहेत.

प्रश्न : रस्त्यात बसलेली गाय लांबून हॉर्न दिला की उठून बाजूला होते. मग प्रत्येक वेळी वेग कमी करण्याची काय गरज? (कारेलीबाग)

उत्तर : गाय उठेल की नाही, आणि उठलीच तर कोणत्या बाजूला जाईल, हे हॉर्न ठरवत नाही, वेग कमी करावा.

प्रश्न : गेल्या महिन्यात रात्री हालोलहून परतताना कुत्रा आडवा आला. मी स्टिअरिंग झटकन उजवीकडे फिरवले. कुत्रा वाचला, पण गाडी दुभाजकावर चढली आणि पुढच्या चाकाकडचा भाग वाकला. यजमान म्हणतात, मुका जीव वाचवलास हे योग्यच केलेस. दीर म्हणतात, सरळ जायला हवे होते. बरोबर कोण? (मांजलपूर)

उत्तर : आपले दीर बरोबर आहेत, पण त्यांनी अर्धेच सांगितले. सरळ जाणे याचा अर्थ जनावराच्या अंगावर गाडी घालणे असा नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून, आपल्याच लेनमध्ये राहून, ब्रेक जितका जोरात दाबता येईल तितका दाबणे असा आहे. मी हे इतक्या वेळा सांगितले आहे की घरचे लोक मला हसतात, तरीही आज पुन्हा सविस्तर सांगतो, कारण आपण वाचलात तशी प्रत्येकजण वाचत नाही.

टायरची रस्त्यावरची पकड ही ठरावीक असते, आणि ब्रेक लागणे व गाडी वळणे ही दोन्ही कामे त्याच पकडीतून भागवावी लागतात. ब्रेक जोरात दाबून त्याच क्षणी स्टिअरिंग फिरवले तर दोन्ही कामे अर्धवट होतात. जुन्या, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीची पुढची चाके जाम होतात आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच घसरते; मग घाबरून ब्रेक सोडला की चाकांना पकड एकदम परत मिळते, आणि चाके आधीच वळवलेली असल्यामुळे गाडी त्या दिशेला बाणासारखी सुटते. ज्यांना वाटते की त्यांनी गाडी वळवली, त्यांच्यापैकी अनेकांची गाडी खरे तर अशी सुटलेली असते. यापुढचा धोका परतीच्या वळणाचा. पहिल्या हिसक्यात गाडी एका बाजूला झुकते, चालक तिला परत आणण्यासाठी त्याहून मोठा हिसका उलट दिशेने देतो, आणि उंच बांध्याच्या गाड्या उलटतात त्या बहुधा या दुसऱ्या हिसक्यात. डावीकडे वळवावे तर डांबराची कडा आणि मातीची साइडपट्टी यांत वीतभर खाच असते. तीत चाक उतरले आणि ते वर घेण्यासाठी जोर लावला की तीच गत होते.

शिवाय कुत्रा दिसला त्या अर्ध्या सेकंदात शेजारच्या लेनमध्ये कोण आहे हे आपण आरशात पाहिले होते का? आपल्याकडे तेथे स्कूटरवर तिघांचे कुटुंब असू शकते, आणि कडेने उलट्या दिशेने येणारा ट्रॅक्टरही असू शकतो. कुत्र्याला धडकलेल्या गाडीचा बंपर, जाळी आणि फार तर रेडिएटर जातो. कुत्र्याला चुकवलेल्या गाडीची पाहणी करताना मला अनेकदा आसनावरचे रक्त पाहावे लागले आहे. जीवदया बडोद्याच्या अंगात मुरलेली आहे आणि आपल्या यजमानांच्या भावनेबद्दल मला आदरच आहे. परंतु त्या क्षणी निवड कुत्रा आणि पत्रा यांच्यात नसून कुत्रा आणि शेजारून जाणारा माणूस यांच्यात असते.

खरी निवड त्याच्या कितीतरी आधी, वेगाच्या काट्यावर झालेली असते. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. जनावर दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो, म्हणजे ३३ मीटर संपले. पुढे कोरड्या रस्त्यावरही थांबायला आणखी ३५ मीटर लागतात. डिपरचा, म्हणजे खाली झुकवलेल्या दिव्याचा, कामाचा उजेड मात्र पन्नास मीटरांच्या आसपासच पोहोचतो. समजा जनावर ४० मीटरांवर दिसले. ताशी ८० ने येणारी गाडी त्याला ७० च्या वेगाने धडकते. ताशी ६० ने येणारी ३० च्या वेगाने. वेगातला फरक वीसचा, धडकेतला चाळीसचा. ओल्या रस्त्यावर आणि गुळगुळीत टायरांवर ही अंतरे आणखी वाढतात.

अपवाद आहे, पण तो लहान आहे. वेग आधीच कमी झालेला असेल, शेजारची जागा रिकामी असल्याचे आपण नुकतेच पाहिले असेल, आणि जनावर एका दिशेने चालत असेल, तर ते जेथून आले त्या बाजूने, म्हणजे त्याच्या मागून, हळूच गाडी काढावी. यात झटका नसतो. कुत्रा मात्र मध्येच मागे फिरतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत हा हिशेबही धरू नये. आपल्या गाडीचे नुसते अलाइनमेंट करून घेऊ नका. खालचे आर्म, स्टिअरिंगचे जोड आणि रिमला गेलेली बारीक चीर जाणत्या यंत्रज्ञाकडून तपासून घ्या, आणि जमल्यास एखाद्या प्रशिक्षकाबरोबर मोकळ्या मैदानात जोरात ब्रेक दाबण्याचा सराव करा. आपल्यापैकी बहुतेकांनी तो आयुष्यात एकदाही केलेला नसतो.

प्रश्न : जोरात ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरते आणि कर्रकर्र आवाज येतो. मी घाबरून पाय उचलतो. काही बिघाड आहे का? (अलकापुरी)

उत्तर : ते एबीएस आपले काम करीत असल्याचे लक्षण आहे, पाय उचलू नये, उलट गाडी थांबेपर्यंत दाबूनच ठेवावा. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींत ही यंत्रणा सक्तीची आहे, पण ती कशी जाणवते हे गाडी ताब्यात देताना कोणी सांगत नाही. साध्या, हलक्या ब्रेकलाही थरथर होत असेल किंवा एबीएसचा दिवा लागून राहत असेल, तर मात्र अधिकृत कार्यशाळेत दाखवावे.

प्रश्न : स्कूटरसाठीही सरळ जाण्याचाच नियम का? गल्लीतले कुत्रे मागे लागतात तेव्हा काय करावे? (वाघोडिया रोड, विद्यार्थिनी)

उत्तर : दुचाकीला कुत्र्याची धडक मोटारीइतकी किरकोळ नसते, म्हणून येथे वेग आणखी कमी हवा. ब्रेक दाबताना स्कूटर सरळ आणि उभी असावी. झुकलेल्या अवस्थेत, विशेषतः ओल्या किंवा वाळू पसरलेल्या रस्त्यावर, पुढचा ब्रेक करकचून दाबला की पुढचे चाक निसटते. दोन्ही ब्रेक एकत्र आणि वाढत्या दाबाने लावावेत. मागे लागलेल्या कुत्र्याला लाथ मारू नये, पाय वर घेऊ नयेत आणि घाबरून पळही काढू नये. वेग हळूहळू उतरवावा, कुत्र्यांचा जोर बहुधा तेथेच ओसरतो. चावा किंवा ओरखडा झाला असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. हळद भरण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकून घ्यावा आणि डॉक्टरांकडेच जावे.

प्रश्न : पादऱ्याच्या बाजूला रात्री रोझ (नीलगाय) आडवी येते. एका परदेशी व्हिडिओत सांगितले होते की धडकण्याच्या क्षणी ब्रेक सोडला तर बोनेट वर उचलले जाते आणि जनावर काचेवर येत नाही. हे खरे आहे का? (पादरा)

उत्तर : ब्रेक दाबल्यावर गाडीचे नाक खाली जाते आणि सोडल्यावर वर येते, एवढे खरे. तो क्षण साधणारा चालक मात्र मी अजून पाहिलेला नाही. तुम्ही अर्धा सेकंद आधी ब्रेक सोडाल आणि अधिक वेगाने धडकाल. ब्रेक शेवटपर्यंत दाबलेला ठेवावा.

नीलगाईबद्दलची भीती मात्र योग्य आहे. नराची खांद्याशी उंची चार ते पाच फूट आणि वजन दोनशे किलोंच्या पुढे जाऊ शकते. पाय लांब असल्यामुळे बंपर पायांना लागतो आणि धड बोनेटवरून काचेवर येते. त्यामुळे पट्टा लावणे, मागच्या आसनावरसुद्धा, आणि वेग ६० च्या आत ठेवणे याला पर्याय नाही. समोरून वाहन नसेल तर अपर, म्हणजे लांबवर पडणारा दिवा, लावावा आणि रस्त्याच्या कडांवर चमकणारे डोळे शोधावेत. जनावराचे तोंड दुसरीकडे असेल तर डोळे चमकत नाहीत, हेही लक्षात असू द्यावे. एक गेली म्हणजे वाट मोकळी झाली असे समजू नये, मागे कळप असतो. धडक झालीच तर वनखात्याला कळवावे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये हा संरक्षित प्राणी आहे. मेलेले जनावर हलवण्याचा किंवा उचलून नेण्याचा प्रयत्न करू नये.

प्रश्न : जनावरे पळवणारी अल्ट्रासॉनिक शिट्टी आणि समोरचा स्टीलचा गार्ड असे दोन्ही बसवावे असे दुकानदार म्हणतो. शिवाय आमची गाडी मूस टेस्ट पास आहे. (गोत्री)

उत्तर : शिट्टी बसवू नका. बंपरवर लावण्याच्या अशा शिट्ट्यांच्या ज्या तपासण्या परदेशांत झाल्या, त्यांत हरणांच्या वागण्यात काही उपयोगी फरक दिसला नाही. आणि जी गाय ट्रकच्या भोंग्याला हलत नाही ती या शिट्टीला काय दाद देणार? गार्ड तर बेकायदा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले की असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग करतात. गाडीचा पुढचा भाग चुरगळून धक्का शोषावा अशा रीतीने बांधलेला असतो. गार्ड तो धक्का थेट सांगाड्याला देतो, एअरबॅगच्या सेन्सरांचा हिशेब बिघडवतो आणि पादचाऱ्याचे हाड मोडतो. दुकानदार हे सारे जाणतो.

मूस टेस्ट ही स्वीडनमधली चाचणी आहे; मूस म्हणजे तिकडचे थोराड हरीण. कोरड्या रस्त्यावर, शंकू मांडून, कसलेला चालक गाडी झटकन बाजूला नेतो आणि परत लेनमध्ये आणतो. १९९७ मध्ये मर्सिडीजची ए-क्लास तीत उलटली आणि कंपनीला त्या गाडीत घसरण आवरणारी यंत्रणा बसवावी लागली. चाचणी गाडीची असते. गोत्रीहून निघालेल्या चालकाची ती झालेली नसते.

प्रश्न : डभोई रस्त्यावर गाईला धडक बसली. जमाव जमला, मालकाने पैसे मागितले, मी पंधरा हजार देऊन सुटका करून घेतली. गाडी दुरुस्त केली आणि तीन आठवड्यांनी विम्याचा दावा केला, तर विमा कंपनी खळखळ करते आहे. जनावराच्या धडकेला विमा लागू नाही असे मित्र म्हणतो. (दांडिया बाजार)

उत्तर : मित्राचे चूक आहे. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा घेतला असेल तर जनावराची धडक हाही अपघातच. केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्या गाडीची भरपाई मिळत नाही. आपली अडचण वेगळीच आहे. पाहणी होण्यापूर्वी गाडी दुरुस्त केली, म्हणजे पुरावा भंगारात गेला. प्रचलित पॉलिसीत स्पष्ट अट असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करू नये आणि पैसे देऊ नयेत किंवा देण्याचे वचनही देऊ नये. आपण तेही केले. गाय दुसऱ्याची मालमत्ता असल्यामुळे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवणे आवश्यक होते. जमाव भडकला असेल तर तेथे थांबून वाद घालण्याऐवजी जवळच्या ठाण्यात जावे, महामार्गावर १०३३ किंवा कोठूनही ११२ ला फोन करावा, आणि त्याच दिवशी विमा कंपनीला कळवावे. तीन आठवडे आपण कशाची वाट पाहत होता, हे पत्रातून मला उमगले नाही. आता छायाचित्रे, टोइंगची पावती आणि बदललेले भाग शिल्लक असतील तर ते गोळा करून वकिलाचा सल्ला घ्यावा. मी येथून याहून अधिक सांगणे योग्य नाही.

प्रश्न : विश्वामित्रीच्या पुलाजवळ मुसळधार पावसात मगर रस्त्यावर दिसली तर? (फतेगंज)

उत्तर : अंतर ठेवून थांबावे, चारही इंडिकेटर चालू करावेत, काचा वर करून आतच बसावे आणि वनखात्याला कळवावे. फोटोसाठी उतरू नये.

प्रश्न : वय ६४. आठ दिवसांपूर्वी म्हैस आडवी आली, ब्रेक दाबला, हलकी धडक बसली. गाडीला काही नाही, पण पट्ट्याच्या जागी छातीत दुखते आणि खोल श्वास घेताना कळ येते. पट्ट्यामुळेच इजा झाली, तर तो लावावा की नाही? (राजमहल रोड)

उत्तर : पट्टा लावावाच. परंतु या वयात पट्ट्याखालची बरगडी किंवा छातीचे मधले हाड मोडलेले असू शकते, आणि पोटातली इजा बाहेरून दिसत नाही. पत्रासोबतच्या फोन क्रमांकावर मी आपल्याला हे कळवले आहे. अजूनही गेला नसाल तर आज संध्याकाळची वाट न पाहता रुग्णालयात जा.