'चुकून दाबलं' एवढंच लिहू नका

प्रश्न : मी सांगलीला राहते. नोकरीला जाता-येता बसमध्ये फोनवर रत्नं जुळवायचा खेळ खेळते. लेव्हल संपली की खाली उजव्या कोपऱ्यात हिरवं 'पुढे' बटण येतं. मध्यंतरी अपडेट आलं आणि तेव्हापासून अधूनमधून त्याच जागी, त्याच रंगात ₹८९९ च्या रत्नपेटीचं बटण येऊ लागलं. दहा दिवसांत ते तीनदा दाबलं गेलं. ॲप स्टोअरच्या खात्यात शिल्लक होती, त्यामुळे ओटीपीही आला नाही आणि २,६९७ रुपये गेले. कंपनी म्हणते, अटी तुम्ही मान्य केल्या होत्या. दीर म्हणतात, बारा वर्षांच्या मुलाने दाबलं असं लिही, पैसे लगेच मिळतील. लिहू का?

उत्तर : ताई, नका लिहू. दिरांचा कायदा पक्का आहे, हे मान्य. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं आपलं सर्वोच्च अपील न्यायालय) मोहोरीबीबीच्या खटल्यात १९०३ सालीच सांगितलं. पण तुम्ही पाठवलेल्या तिन्ही पावत्यांवरची वेळ सकाळी पावणेदहाच्या आसपासची आहे. तेव्हा मुलगा शाळेत आणि फोन तुमच्याबरोबर बसमध्ये! ग्राहक आयोगात तक्रारीसोबत शपथपत्र द्यावं लागतं आणि खोटं शपथपत्र हा गुन्हा आहे. सत्तावीसशे रुपयांसाठी पोराला त्यात ओढू नका. शिवाय खरी बाजूच चांगली भक्कम आहे.

मात्र ती नीट मांडायला हवी. तुमच्या पत्रात 'चुकून' हा शब्द पाच वेळा आलाय आणि कंपनीच्या वकिलाला तोच आवडेल. करार कायद्याचं कलम २२ म्हणतं की एकाच पक्षाची वस्तुस्थितीबद्दल चूक झाली, एवढ्यावरून करार मोडता येत नाही. म्हणजे 'माझं बोट चुकलं' म्हणालात की विषय संपला. तुमचं म्हणणं असं हवं : बोट जिथे रोज जातं तिथेच गेलं, बटण बदललं.

याला आपल्याकडे आता नाव आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'विरोधी, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या स्क्रीनच्या मांडणीविरोधी, मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यातल्या तेरा प्रकारांपैकी एक म्हणजे 'इंटरफेस इंटरफिअरन्स' : मांडणीत फेरफार करून ग्राहकाला नको तिकडे वळवणं. खिडकी बंद करायची फुली दाबली की दुसरी जाहिरात उघडते, हे उदाहरण तिथेच दिलंय. तुमचं बटण त्याचं सख्खं भावंड.

परदेशातला एक दाखलाही जोडा. 'फोर्टनाइट' या ऑनलाइन खेळात वस्तू नुसती पाहायला गेलं किंवा झोपलेला खेळ जागा करायला बटण दाबलं तरी खरेदी होते, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या ग्राहक संरक्षण बघणाऱ्या सरकारी संस्थेने, तो खेळ बनवणाऱ्या एपिक गेम्सवर केला होता. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने ग्राहकांच्या परताव्यासाठी २४.५ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. आपल्या आयोगावर ते बंधनकारक नाही, पण मुद्दा समजावायला उपयोगी पडतं.

कच्चा दुवाही सांगतो. प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायची सेटिंग तुमच्या फोनवर बंद होती. कंपनी ते बोलणारच. आणि पहिल्यांदा ठीक, तिसऱ्यांदा कसं, असंही विचारेल. यावर उत्तर एकच, पुरावा. आज संध्याकाळीच ती सेटिंग चालू करा. मग ऑटो-अपडेट बंद करा, कारण नवं अपडेट आलं आणि बटण गुपचूप हललं तर तुमच्या हातात काही उरणार नाही. त्यानंतर स्क्रीन रेकॉर्डिंग लावून सलग दहा-पंधरा लेव्हल खेळा. 'पुढे' आणि ₹८९९ एकाच जागी येतात हे दिसलं पाहिजे. ॲपचा आवृत्ती क्रमांकही टिपा.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार पाठवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण अपेक्षित आहे. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. तिथेही अडलं तर सांगलीचाच जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचं कार्यालय कुठेही असो, तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंत फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. वकील लागतोच असंही नाही, हे मी वकील असून सांगतोय. रक्कम, मनस्ताप आणि खर्च, तिन्ही मागा.

तिन्ही पेट्यांमधली रत्नं मात्र वापरू नका. वापरलीत तर 'माल आवडला म्हणून ठेवला' असं म्हणायला जागा मिळेल.

एक राहिलं. पैशांवरून वाद घालणाऱ्या खेळाडूंची खाती एपिकने बंद केली, असाही आरोप तिकडे होता. तुम्ही १,४१२ व्या लेव्हलवर आहात म्हणता. तक्रार पाठवायच्या आधी त्याचाही स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.