सरकारी नोकरीत असताना खासगी अकाउंटवरच्या पोस्टमुळे कारवाई होऊ शकते का?

हो, नक्कीच. महाराष्ट्रात १९७९ चे नागरी सेवा वर्तणूक नियम सोशल मीडियालाही लागू आहेत आणि जुलै २०२५ च्या शासन निर्णयाने ते आणखी स्पष्ट केलंय. वैयक्तिक आणि कार्यालयीन अकाउंट वेगळं ठेवायचं, गोपनीय कागद पुढे पाठवायचे नाहीत, शासनाच्या धोरणांवर टीका करायची नाही. (ही शेवटची अट मला जाचक वाटते, पण ती आहे.) खरं जपायचं ते रील टाकताना. मागे सरकारी गाडी, अंगावर गणवेश किंवा टेबलावर पदनामाची पाटी दिसली, की विषय शिस्तभंगावर जाऊ शकतो. ‘मतं वैयक्तिक आहेत’ असं बायोमध्ये लिहून सुटका होत नाही. परिविक्षेत (म्हणजे प्रोबेशनवर) असाल तर जुन्या पोस्ट आजच चाळून घ्या.