वृद्धाश्रमात राहायला आलात, म्हणून हक्क सुटत नाहीत

बीड, जालना, परभणी, हिंगोली, लातूरकडून गेल्या काही दिवसांत आलेल्या पत्रांपैकी बरीच वृद्धाश्रमात राहणाऱ्यांची किंवा त्यांच्या लेकी-पुतण्यांची आहेत. त्यांतली काही इथे घेतो.

प्रश्न : चार एकर जमीन थोरल्या मुलाला बक्षीसपत्रानं दिली. सांभाळीन म्हणाला होता. आता मी संभाजीनगरच्या वृद्धाश्रमात आहे आणि महिन्याचे पैसे मुलगी भरते. जमीन परत मिळेल का? (गेवराई तालुका, बीड)

काका, आधी दुय्यम निबंधक कार्यालयातून दस्ताची नक्कल काढून घ्या आणि ती शेवटच्या ओळीपर्यंत कुणाकडून तरी वाचून घ्या. आपल्याकडच्या बक्षीसपत्रांत बहुतेक वेळा ‘नैसर्गिक प्रेमापोटी व राजीखुशीने’ एवढंच असतं. पण कधी कधी मधेच ‘लिहून घेणार हे लिहून देणार यांचा सांभाळ करतात व यापुढेही हयातभर करतील’ अशी एखादी ओळ सापडते. तुमच्या प्रकरणात तीच ओळ सगळ्यात मोलाची.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदा, २००७ चं कलम २३ सांगतं की, हा कायदा लागू झाल्यानंतर सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्यानं सांभाळ केला नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशी अट असल्याचं दिसलं पाहिजे, असं म्हटलं. पुढे जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूनं उदारपणे वाचायला हवा, असं सांगून बक्षीसपत्र रद्द केलं आणि मालमत्तेचा ताबा आईला द्यायला लावला. तिथं सांभाळण्याची हमी मुलानं वेगळ्या कागदावर लिहून दिलेली होती. तेव्हा दस्तात ओळ नसेल तर घरातल्या पेटीत असा एखादा कागद आहे का, तेही पाहा.

काहीच सापडलं नाही तरी खचू नका. निर्वाह खर्च मागण्याचा हक्क वेगळा आहे आणि तो जमीन दिली की नाही यावर अवलंबून नाही. अन्न, कपडा, निवारा, औषधपाणी हे सगळं त्यात येतं. २००७ च्या कायद्यानुसार महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत रक्कम ठरवता येते. अर्ज प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यापुढच्या न्यायाधिकरणात करायचा. तुम्ही आता राहता तिथं, पूर्वी राहत होता तिथं किंवा मुलगा राहतो तिथं, कुठंही तो चालतो. त्यासाठी गेवराईपर्यंत हेलपाटे घालायची गरज नाही. स्वतःला जमत नसेल तर तुम्ही अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. निकालाला वेळ लागणार असेल तर तोवरचा अंतरिम खर्चही मागा.

आदेश झाल्यावर पैसे थकले तर गप्प बसू नका. थकल्यापासून तीन महिन्यांच्या आत वसुलीचा अर्ज गेला पाहिजे, आणि नेमकं हेच आपल्या माणसांकडून राहून जातं. न भरणाऱ्याला एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. लेकीकडून पैसे घेताना मान खाली घालू नका. कायद्यात मुलगा आणि मुलगी दोघांवर सारखीच जबाबदारी आहे. लेक ती एकटीच निभावते आहे आणि मुलगा चुकवतो आहे.

प्रश्न : आईचं आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि एटीएम कार्ड आश्रमचालकांनी ‘सुरक्षित ठेवायला’ घेतलं. आता आईला दुसरीकडे हलवायचं म्हटलं तर अनामत परत देत नाहीत. (जालना)

कागदपत्रं आईची आहेत. तिच्या मर्जीशिवाय ती अडवून ठेवायचा अधिकार चालकांना नाही. आजच बँकेत जाऊन कार्ड बंद करायला सांगा आणि खात्याचा उतारा घ्या. आईला न विचारता पैसे निघालेले दिसले तर पोलिसांत तक्रार द्या.

अनामतीसाठी करारनामा आणि पावत्या जमवा आणि स्पीड पोस्टानं लेखी मागणी करा. पैसे घेऊन सेवा देणारा आश्रम ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कक्षेत येतो. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते, मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आश्रम विनामूल्य चालत असेल तर हा रस्ता बंद. अशा ठिकाणी संस्था नोंदणीकृत न्यास असल्यास धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करा.

प्रश्न : बाबांना फाटकाबाहेर जाऊ देत नाहीत, मोबाइलही काढून घेतला. मुलानं सही करून परवानगी दिलीय म्हणतात. (परभणी)

मुलाची सही इथं काही कामाची नाही. शुद्धीत असलेल्या प्रौढ माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध कोंडून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे. बाबांना स्मृतिभ्रंश असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं काळजी घेणं वेगळं, सोयीसाठी कुलूप लावणं वेगळं. १४५६७ या ज्येष्ठ नागरिकांच्या मदत क्रमांकावर फोन करा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातही जा. महिलांना तिथं उत्पन्नाची अट न पाहता मोफत वकील मिळतो, बाबांसाठी उत्पन्नाची मर्यादा विचारून घ्या.

प्रश्न : मावशीला मूलबाळ नाही. तिच्या घरात दिराचा मुलगा राहतो, पण तिला आश्रमात सोडून दिलं. (हिंगोली)

मूलबाळ नसलं तरी ज्याच्या ताब्यात तिची मालमत्ता आहे, किंवा जो पुढे तिचा वारस होणार आहे, अशा सज्ञान नातेवाइकाकडून निर्वाह खर्च मागता येतो. अर्ज वरच्यासारखाच, प्रांताकडे. सांभाळायची जबाबदारी असणाऱ्यानं ज्येष्ठाला कायमचं टाकून देण्यासाठी कुठंतरी नेऊन सोडलं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

प्रश्न : आश्रमात राहून मतदान करता येतं का? (लातूर)

येतं. आश्रमाच्या पत्त्यावर नाव आणायचं असेल तर नमुना ८ भरा. वय ८५ च्या पुढे असेल तर जागेवर टपाली मतदान घेतलं जातं. त्यासाठी निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत नमुना १२-डी मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो.